डिएंग कुलोन आणि बातुर तालुका : एका पठाराची पार्श्वभूमी

इंडोनेशियाच्या मध्य जावातल्या डिएंग पठाराच्या मधोमध जिल्ह्याची हद्द गेली आहे. पश्चिमेकडचे गाव डिएंग कुलोन. ते बातुर तालुक्यात, म्हणजे बंजारनगारा जिल्ह्यात येते. पूर्वेकडचे डिएंग वेतान केजाजार तालुक्यात आणि वोनोसोबो जिल्ह्यात. गावे एकमेकांना चिकटलेली, भाषा जावानीज, पीक एकच. पण सरपंच, तहसील, जिल्हाप्रमुख सगळे वेगळे. त्यात आणखी गंमत अशी की डिएंग कुलोनला बाजार, दवाखाना, बस यांसाठी सोयीचे शहर म्हणजे २६ किलोमीटरवरचे वोनोसोबो, तर सरकारी कागदासाठी जावे लागते दूरच्या बंजारनगाराला. पर्यटकही 'वोनोसोबोचे डिएंग' असेच म्हणतात, आणि देवळे, विवरे यांतली बहुतेक मात्र बंजारनगाराच्या हद्दीत आहेत. झाडतोड थांबवायची, तळ्यातला पाण्याचा उपसा मोजायचा, असे काहीही ठरवायचे झाले की दोन जिल्ह्यांच्या दोन कार्यालयांना एकत्र बसावे लागते. पठारावरचे बरेच निर्णय तिथेच अडकतात.

बातुर तालुक्यात आठ गावे : बातुर, सुम्बेरेजो, पासुरेनान, बाकाल, डिएंग कुलोन, कारांग तेंगाह, पेकासिरान आणि केपाकिसान. डिएंग कुलोनची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे २,००० मीटर. पठार म्हटले की आपल्याला कासचा किंवा पाचगणीचा सडा आठवतो, पण हे तसे नाही. ही ज्वालामुखींच्या कड्यांनी वेढलेली बशी आहे, आणि त्या कड्यावरचा प्राहू डोंगर २,५६५ मीटरांचा. बशीत जे उतरते ते तळाशी साचते : पाणी, थंड हवा, जमिनीतून निघणारा वायू. गावाच्या इतिहासातल्या बहुतेक घटना या एका गोष्टीवरून उलगडतात.

सुरुवात देवळांपासून. इथल्या एका शिलालेखावर शके ७३१, म्हणजे इ.स. ८०९, असा काळ आहे. शालिवाहन शक जावातही चालत होता, त्यामुळे मराठी वाचकाला हा आकडा पंचांगातून सहज ताडता येतो. देवळे अँडेसाइट दगडाची, शैव, आकाराने लहान. आज उभी आहेत ती आठ : अर्जुन, सेमार, श्रीकांडी, पुंतादेव, सेंबाद्रा, गातोत्काचा, द्वारावती आणि भीम. ही नावे बांधणाऱ्यांनी दिलेली नाहीत. कितीतरी शतकांनंतर गावकऱ्यांनी कठपुतळीच्या खेळातली पात्रे त्यांना चिकटवली. त्यातला सेमार आपल्या महाभारतात सापडणार नाही. तो जावाच्या खेळातला पांडवांचा विदूषक-सेवक, आणि जावानीज माणसाच्या लेखी देवांपेक्षाही वरचढ. त्याचे आडवे, बुटके देऊळ अर्जुनाच्या समोर आहे. आत बहुधा नंदी असावा.

मंदिरे बांधणाऱ्यांना बशीतल्या पाण्याचा त्रास ठाऊक होता. तळ दलदलीचा राहतो म्हणून त्यांनी जमिनीखालून पाणी काढून देणारा चर खोदला. त्याला लोक 'गांगसिरान अश्वत्थामा' म्हणतात, म्हणजे अश्वत्थाम्याचे भुयार. रात्री पांडवांच्या छावणीत शिरण्यासाठी त्याने ते पोखरले अशी कथा. वस्ती उठली, चराची निगा थांबली आणि तळ पुन्हा पाण्याखाली गेला. १८१४ मध्ये, जावा इंग्रजांच्या ताब्यात असताना, कॉर्नेलियस हा अभियंता इथे पोचला तेव्हा देवळे पाण्यात उभी होती. पुढे पाणी काढण्यात आले आणि १८६४ मध्ये ईसिदोर फान किन्सबेर्गेन याने त्यांची छायाचित्रे घेतली. पठार पुन्हा वसले ते एकोणिसाव्या शतकात. आजची घराणी आपले मूळ क्याई कोलोदेते या पुराणपुरुषाकडे नेतात.

नव्या वस्तीचे पीक मका, कोबी आणि तंबाखू. तंबाखूची पाने चिरून, चुलीवर धुरी देऊन सुकवली जात, कारण या धुक्यात उन्हावर काही वाळत नाही. हे असे चालले १९८०च्या दशकापर्यंत. मग पश्चिम जावातल्या पांगालेंगानचे बटाटा उत्पादक इथे जमिनी खंडाने घेऊ लागले. त्यांच्याकडे मजुरी करता करता बातुरच्या शेतकऱ्यांनी लागवड शिकून घेतली आणि काही वर्षांत पठारावर बटाट्याशिवाय दुसरे पीक शोधावे लागावे अशी स्थिती आली. पक्की घरे, मोटारसायकली, मुलांची शिक्षणे, सगळे याच पिकातून आले. पठारावर काय बिघडले हे सांगणाऱ्या लिखाणात ही बाजू फार पटकन उरकली जाते.

वाण ग्रानोला, मूळ जर्मनीचे. हेक्टरी सुमारे दीड टन बेणे लागते. वरंब्यांत ७० ते ८० सेंटिमीटर, दोन कंदांत ३० सेंटिमीटर अंतर. खाली कोंबडीखत, तेही हेक्टरी १० टनांच्या पुढेच. मातीची भर महिन्याने एकदा आणि दीड महिन्याने पुन्हा घालायची. साधारण १०० ते ११० दिवसांनी पीक तयार होते. काढणीच्या दहाएक दिवस आधी वेल कापून टाकतात, म्हणजे साल घट्ट होते. बटाट्यावर अंगठा दाबून घासून बघायचा : साल सुटली तर अजून थांबायचे, नाहीतर पोत्यात भरताना सोलवटतो आणि वाटेत सडतो. उत्पादन हेक्टरी १५ ते २० टन. पाणी मिळेल तिथे वर्षातून तीन पिके.

खरी गोम वरंब्याच्या दिशेत आहे. कृषी अधिकारी वर्षानुवर्षे सांगतात की वरंबे उताराला आडवे घाला. शेतकरी ते उभे घालतात, वरून थेट खाली. यात अडाणीपणा काही नाही. आडव्या सरीत पावसाचे पाणी थांबते, हवा खेळत नाही, मुळे कुजतात आणि करपा पसरतो. उभ्या सरीतून पाणी तासाभरात निघून जाते. शेतकरी या हंगामाचे पीक वाचवतो, आणि माती मात्र पाण्याबरोबर जाते. १९९८ मध्ये हुकूमशहा सुहार्तोंची राजवट कोसळल्यावर सरकारी वनमहामंडळाची जरब संपली, माथ्यावरची झाडे लुटली गेली आणि त्या जागीही बटाटा चढला. मग वरून येणारे पाणी अडवायला काही उरले नाही.

ही माती सेरायु नदीत जाते. नदीचा उगम याच पठारावर, बिमा लुकार झऱ्यात. खाली बंजारनगारा शहराजवळ म्रिचा धरण आहे. ते १९८० च्या दशकाच्या अखेरीस पूर्ण झाले, त्यावर सुमारे १८० मेगावॉट वीज बनते. जलाशयात दरवर्षी ४० लाख घनमीटरांच्या आसपास गाळ येतो. गाळाचे दरवाजे उघडून तो खाली सोडला की खालच्या गावांची नदी चिखलाने भरते आणि मासे मरतात. म्हणजे डिएंगच्या सरीची दिशा काय, हा प्रश्न नदीकाठच्या मासेमारापर्यंत पोचतो.

शेतातही भोग आहेतच. पावसाळ्यात करप्यासाठी तीन-चार दिवसांआड मॅन्कोझेब या बुरशीनाशकाची फवारणी होते. पाऊस पडला की औषध धुऊन निघते, पुन्हा पंप पाठीवर. बेणे बहुतेक घरचेच, मागच्या पिकातले बारीक कंद. उती संवर्धनातल्या मूळ बेण्याच्या चौथ्या पिढीपर्यंत हे ठीक असते. पुढे विषाणू साठत जातात, पाने गुंडाळतात आणि उत्पादन दरवर्षी थोडे थोडे घसरते. घसरण हळू असल्यामुळे दोष खताला दिला जातो आणि खत वाढते. त्याहून चिवट सोनेरी सूत्रकृमी. २००३ मध्ये तो इंडोनेशियात पूर्व जावातल्या बातू भागात सापडला आणि पाठोपाठ बातुर तालुक्यातही. उपटलेल्या मुळाकडे निरखून पाहिले तर टाचणीच्या डोक्यापेक्षा लहान, पिवळसर मणी चिकटलेले दिसतात. एकेका मण्यात शेकडो अंडी, आणि ती मातीत दहा वर्षांहून जास्त टिकतात. कुदळीला, बुटाला, पोत्याला लागलेल्या मातीतून तो शेजारच्या शेतात जातो. इलाज एकच : काही वर्षे कोबी, गाजर अशी पिके घेणे, आणि टोमॅटोकडे न वळणे, कारण तोही बटाट्याच्याच कुळातला. वर्षाला तीन पिके काढून कर्ज फेडणाऱ्याला हा सल्ला ऐकवणे सोपे आहे. त्यात भाव पडला की संपलेच : २०११ मध्ये चीन आणि बांगलादेशचा स्वस्त बटाटा आला तेव्हा डिएंगचे शेतकरी थेट जकार्तात मोर्चा घेऊन गेले होते.

आता वायूकडे. बातुर तालुक्यात विवरे अनेक आहेत आणि त्यांचा धोका एकसारखा नाही. डिएंग कुलोनमधले सिकिदांग उकळते, वाफा सोडते, सडक्या अंड्यांचा वास मारते. पर्यटक तिथेच जातात. वास येतो तो हायड्रोजन सल्फाइडचा, आणि वास येतो म्हणून माणूस निदान सावध असतो. सुम्बेरेजो गावातले तिंबांग विवर बघायला काहीच नाही, झुडपांनी भरलेला उतार. तिथून कार्बन डायऑक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि तो हवेच्या दीडपट जड असल्याने ओढ्याओढ्याने, चराचराने खाली वाहतो. वारा नसलेल्या पहाटे तो गुडघाभर साचतो : उभ्या माणसाला काही जाणवत नाही, वाकून तण काढणारा कोसळतो. हवेत त्याचे प्रमाण दहा टक्क्यांवर गेले की काही मिनिटांत शुद्ध हरपते. पडलेल्याला उचलायला वाकणारा दुसराही पडतो, आणि असेही बळी जातात. जुन्या शेतकऱ्यांच्या खुणा साध्या : चरात मेलेले पक्षी-किडे दिसले, खाली धरलेली चूड विझली, की मागे फिरायचे आणि वर चढायचे. ऊन तापून वारा सुटेपर्यंत खाचरात उतरायचे नाही.

२० फेब्रुवारी १९७९ ला हे सगळे एकाच पहाटे घडले. आधी भूकंपाचे धक्के, मग पेकासिरान गावाजवळच्या सिनिला विवरात स्फोट. लोक अंधारात घरे सोडून बातुरच्या दिशेने रस्त्याने निघाले. वाटेत जमिनीला भेगा पडून कार्बन डायऑक्साइड रस्त्यावर पसरला होता. स्फोटापासून पळणारे थेट वायूत शिरले. १४९ जण गेले. तेव्हापासून इथल्या आपत्ती नियोजनात विवरापासून किती दूर जायचे याच्याइतकेच महत्त्व कोणत्या वाटेने जायचे याला आहे. २०११ च्या मे महिन्यात तिंबांगचा वायू वाढला तेव्हा सिंबार आणि सेरांग या वस्त्या वेळेत हलवल्या गेल्या आणि विवराभोवती एक किलोमीटर परिसर बंद केला गेला. आत उभा बटाटा होता. काढणीला आलेले पीक सोडून बसणे लोकांना जड गेले, आणि बंदी मोडून शेतात जाणाऱ्यांना परतवणे हेच प्रशासनाचे मोठे काम होऊन बसले.

तालुक्याची दुसरी मोठी आठवण दरडीची आहे. १६-१७ एप्रिल १९५५ च्या रात्री पेंगामुन-आमुन डोंगराचा भाग सुटला आणि लेगेतांग वस्ती पूर्ण गाडली गेली : ३३२ रहिवासी आणि १९ पाहुणे. जागेवर स्मारकाचा खांब आहे. वस्ती सधन होती, म्हणून 'मौजमजेत बुडाले, त्याची शिक्षा झाली' अशी कथा आजही सांगितली जाते. पावसाळ्याच्या अखेरीस पाणी पिऊन जड झालेला डोंगर सुटणे, हे कारण समजायला सोपे आहे, पण कथेइतके ते कुणी सांगत नाही. जमिनीतली उष्णता उपयोगात आणायचाही प्रयत्न झाला : ६० मेगावॉटचे भूऔष्णिक वीजकेंद्र १९९८ मध्ये अमेरिकी कंपनीने उभारले, नेमके आशियाई आर्थिक संकटात, वाद लवादात गेला आणि पुढे केंद्र इंडोनेशियाच्या सरकारी कंपनीकडे आले.

डिएंगची देशभर ओळख मात्र वेगळ्याच गोष्टीने आहे. इथल्या काही लहान मुलांना कडक तापानंतर आपोआप जट धरते. आपल्याकडे जट आली की देवीचे बोलावणे मानून ती आयुष्यभर वागवली जायची आणि ती सोडवायला समाजसुधारकांना झगडावे लागले. इथे जट हे कोलोदेतेचे देणे, पण ते परत करायचे असते. मूल स्वतः म्हणेल तेव्हाच आणि ते मागेल ती वस्तू दिल्यावरच : कुणी बकरी मागते, कुणी सायकल, कुणी ठरावीक दुकानातला खाऊ. वस्तू न देता कापली तर जट परत येते आणि मूल आजारी पडते, अशी समजूत. मुलांना पवित्र झऱ्याच्या पाण्याने न्हाऊ घालतात, मिरवणुकीने अर्जुन देवळांकडे नेतात, केस कापतात आणि ते तळ्यात सोडतात. घरोघरी होणारा हा विधी २०१० पासून डिएंग कल्चर फेस्टिव्हलमध्ये सामुदायिक झाला. मुलाच्या घरचा खर्च वाचला, गावातल्या खोल्या भाड्याने जाऊ लागल्या. जोडीला कारिका आला : डच काळात अँडीजमधून आलेली डोंगरी पपई, फार चिकाची, कच्ची खाता न येणारी. सोलून, बिया काढून, बियांभोवतीचा सुवासिक गर गाळून त्याचाच पाक करतात आणि फोडी त्यात बाटलीबंद करतात. बांधावर वाढते, फवारणी जवळजवळ नाही.

उत्सव सहसा ऑगस्टमध्ये असतो. हाच कोरडा काळ. आभाळ निरभ्र, वारा नाही, डोंगरावरची थंड हवा रात्रभर बशीच्या तळाशी उतरत राहते आणि पहाटे देवळांसमोरचे गवत पांढरे होते. लोक या हिमदवाला 'एंबुन उपास', विषारी दव, म्हणतात. २०१९ मध्ये तिथे शून्याखाली नऊ अंशांच्या आसपास नोंद झाली. बटाट्याची पाने रात्री गोठतात आणि ऊन लागताच काळी पडतात. म्हणून सूर्य वर येण्याआधी पाणी फवारून बर्फ धुऊन काढावा लागतो किंवा रोपांवर जाळी टाकावी लागते. दोन्हींना माणसे आणि पाणी लागते, आणि तेव्हा मेर्दादा तळ्यावर आधीच डिझेल पंपांची रांग असते. म्हणून अनुभवी शेतकरी जुलै-ऑगस्टमध्ये तळातली जमीन मोकळी ठेवतात आणि बटाटा उतारावर नेतात, जिथे थंड हवा थांबत नाही. माती वाहते ती नेमकी तिथूनच.