टूल-वर्णन

टूल-वर्णन : भाषा-मॉडेलवर चालणाऱ्या एआय एजंटला (सोपवलेले काम टप्प्याटप्प्याने स्वतः पार पाडणाऱ्या प्रोग्रामला) एखादे सॉफ्टवेअर टूल कशासाठी आहे, केव्हा वापरायचे, त्याला काय पुरवायचे आणि त्यातून काय परत मिळते, हे सांगणारा मजकूर. टूल म्हणजे येथे एखादे फंक्शन : डेटाबेसमधली नोंद काढणारे, ईमेल पाठवणारे, फाइल बदलणारे. मॉडेल ते स्वतः चालवत नाही. कोणते टूल हवे आणि त्यात कोणती मूल्ये भरायची एवढेच ते ठरावीक साच्यात लिहून देते. चालवण्याचे काम भोवतालचा प्रोग्राम करतो आणि निकाल मॉडेलपुढे ठेवतो. फंक्शनचा कोड मॉडेलला सहसा दिसत नाही. त्याच्या वाट्याला टूलचे नाव, वर्णन आणि पॅरामीटरांची (टूलला पुरवायच्या मूल्यांची) यादी एवढेच येते. त्यामुळे वर्णनातला शब्द बदलला की एजंटचे वागणे बदलते, आणि म्हणूनच ते कोडइतक्याच काळजीने लिहावे व तपासावे लागते.

तर्क आणि कृती आळीपाळीने करवून घेणारी ‘रिअ‍ॅक्ट’ ही पद्धत ऑक्टोबर 2022 मध्ये मांडली गेली. जून 2023 मध्ये ओपनएआय या कंपनीने आपल्या एपीआयमध्ये (इतर प्रोग्रामांना सेवा वापरू देणाऱ्या जोडणीत) ‘फंक्शन कॉलिंग’, म्हणजे मॉडेलने टूल मागण्याची सोय, आणले आणि पॅरामीटर जेसन स्कीमात (प्रत्येक मूल्याचे नाव व प्रकार सांगणाऱ्या साच्यात) मांडण्याची रीत रूढ झाली. नोव्हेंबर 2024 मध्ये अँथ्रॉपिक या एआय कंपनीने एजंट आणि टूल्स जोडण्याच्या सामाईक नियमांचा ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’ (एमसीपी) सर्वांसाठी खुला केला. तेव्हापासून एकाने लिहिलेले टूल दुसऱ्याच्या एजंटमध्ये सर्रास जोडले जाऊ लागले, आणि वर्णन लिहिणारा व ते वापरणारा यांची गाठ पडेनाशी झाली.

वर्णन अपुरे असले तर काय होते, ते पैसे परत करणाऱ्या टूलवरून चांगले कळते. रेझरपेसारख्या भारतीय पेमेंट सेवांच्या एपीआयला रक्कम रुपयांत नव्हे, पैशांत द्यावी लागते. टूलच्या वर्णनात नुसते ‘ग्राहकाला परतावा देते’ आणि पॅरामीटरपुढे ‘रक्कम’ एवढेच लिहिले असेल, तर 500 रुपये परत करायला सांगितलेला एजंट सरळ 500 भरेल. ग्राहकाला 5 रुपये मिळतील. त्रुटीचा संदेश येणार नाही, कारण 500 पैसे हीसुद्धा वैध रक्कम आहे. एजंट मात्र ‘500 रुपये परत केले’ असे खुशाल कळवून मोकळा होईल. याच सेवेत रक्कम रिकामी सोडली तर पूर्ण परतावा होतो. तेही सांगितलेले नसेल तर अंशतः परताव्याच्या जागी सगळे पैसे जातील. उपयोगी पडणारे वर्णन साधारण असे असते : ‘पूर्ण झालेल्या पेमेंटची सगळी किंवा काही रक्कम ग्राहकाला परत करते. रक्कम पैशांत, पूर्णांकात द्यावी. 500 रुपयांसाठी 50000. रक्कम न दिल्यास पूर्ण परतावा होतो. ऑर्डर क्रमांक चालत नाही, पेमेंट क्रमांकच द्यावा; तो माहीत नसल्यास आधी पेमेंट शोधण्याचे टूल वापरावे.’ यातले शेवटचे वाक्य नवखे लेखक हमखास गाळतात. टूल काय करते हे लिहायला सुचते. कुठे चालत नाही, हे सुचत नाही.

अँथ्रॉपिकच्या मार्गदर्शिकेत प्रत्येक टूलसाठी किमान तीन-चार वाक्ये लिहावीत असे सुचवले आहे. मात्र वर्णने संवादागणिक मॉडेलच्या संदर्भ-मर्यादेतली (एका वेळी वाचता येणाऱ्या मजकुरातली) जागा खातात, त्यामुळे पाल्हाळही परवडत नाही. एकमेकांसारखी दिसणारी पाच टूल्स असतील तर प्रत्येकाचे वर्णन लांबवण्यापेक्षा दोन टूल्स कमी केलेली बरी.

पुष्कळदा दुरुस्ती मजकुरात नसून टूलच्या रचनेतच करावी लागते. कोड दुरुस्त करणारा एजंट घडवताना अँथ्रॉपिकला असे आढळले, की मूळ डिरेक्टरीतून बाहेर पडल्यावर मॉडेल फाइलचे सापेक्ष पाथ (चालू डिरेक्टरीपासून सांगितलेले पत्ते) चुकवते. त्यांनी टूलला फक्त संपूर्ण पाथ चालेल असे केले आणि चूक थांबली. उलट, त्यांच्याच वेब-शोध टूलमध्ये मॉडेल शोधशब्दांना विनाकारण ‘2025’ जोडत होते. तिथे वर्णन सुधारल्याने काम भागले. दोष कुठे आहे हे एजंटने केलेली कॉल्स (टूल वापरण्याच्या मागण्या) ओळीने वाचल्याशिवाय कळत नाही. त्रुटीचे संदेशही वर्णनाचाच भाग मानावेत : ‘अवैध आदान’पेक्षा ‘तारीख 2025-04-03 अशी द्या’ हे वाचून एजंट पुढच्या खेपेस स्वतःच सुधारतो.

वर्णन हा मॉडेलने वाचायचा मजकूर असल्याने त्यातून फसवणूकही होते. एप्रिल 2025 मध्ये इन्व्हेरियंट लॅब्ज या संस्थेने ‘टूल पॉयझनिंग’ हा हल्ला उघड केला. वरवर निरुपद्रवी टूलच्या वर्णनात वापरकर्त्याच्या खाजगी फाइली वाचून पाठवण्याच्या सूचना दडवता येतात. वापरकर्त्याला पडद्यावर त्या दिसतीलच असे नाही, मॉडेल मात्र त्या वाचते. एकदा मंजुरी मिळाल्यावर वर्णन गुपचूप बदलणे, हा त्यातलाच प्रकार. एमसीपीमध्ये ‘हे टूल फक्त वाचते’ किंवा ‘हे टूल माहिती नष्ट करू शकते’ अशा खुणा जोडण्याची सोय आहे, पण त्या, टूल पुरवणाऱ्या सर्व्हरने स्वतःविषयी केलेल्या दाव्यापलीकडे काही नसतात. विश्वासू सर्व्हरकडून आल्या नसतील तर त्यांवर भिस्त ठेवू नये, असे प्रोटोकॉलच सांगतो.