रेडलाइन की पेंटओव्हर? दुसऱ्याच्या डिजिटल चित्रावर खुणा करताना

"डावा हात जरा विचित्र दिसतोय" एवढ्या अभिप्रायावरून कुणालाच चित्र सुधारता येत नाही. म्हणून जाणकार मंडळी फाइल मागवून घेतात आणि चित्रावरच दाखवतात. पण दाखवायचे प्रकार दोन आहेत आणि त्यांची सर्रास गल्लत होते. दोन्हींत मूळ चित्रावर नवा लेयर, म्हणजे पारदर्शक थर, घेतात, त्यामुळे ते वरवर सारखे वाटतात. रेडलाइन म्हणजे रचनेवर ओढलेल्या दुरुस्तीच्या रेघा: प्रमाण, तोल, पर्स्पेक्टिव्ह (जवळ-लांबचा भास). पेंटओव्हर म्हणजे उजेड, सावली, रंग आणि कडा प्रत्यक्ष रंगवून दाखवणं. रेडलाइन कुठे बिघडलंय ते सांगते आणि दुरुस्ती चित्रकारावर सोडते. पेंटओव्हरमध्ये दुरुस्तीचा काही भाग तुम्हीच करून टाकता, म्हणून तिथे हात जास्त आखडता ठेवावा लागतो.

रेडलाइनसाठी मूळ लेयरची ओपॅसिटी (अपारदर्शकता) ४०-५० टक्क्यांवर आणा आणि वरच्या लेयरवर बारीक, कडक ब्रश घ्या. रेघ लालच हवी असं नाही; चित्रातच लाल भरपूर असेल तर निळी घ्या. सुरुवातीला कॅनव्हास आरशात दिसतो तसा आडवा उलटा करून पाहा. एका बाजूला झुकलेला चेहरा, वरखाली झालेले डोळे लगेच दिसतात. इथे एक काळजी घ्या: क्रिटा या चित्रकलेच्या सॉफ्टवेअरमध्ये 'एम' ही कळ दाबल्यावर फक्त आपलं दृश्य उलटतं, प्रोक्रिएट या ॲपमध्ये मात्र कॅनव्हासच उलटतो. परत सुलटा न करता फाइल पाठवली तर चित्रकाराला खुणा मूळ चित्राशी जुळवता येत नाहीत.

बाह्यरेषेवरून लगेच रेघ फिरवू नका. आधी आस काढा: दोन्ही खांद्यांना जोडणारी रेघ, कमरेची रेघ, पाठीच्या कण्याचं वळण, चेहऱ्याची मधली रेघ. उभी आकृती पडेल असं वाटत असेल तर गळ्याच्या खळगीतून सरळ खाली ओळंबा सोडा. सगळं वजन एका पायावर असेल तर ही रेघ साधारण त्याच पावलाजवळ यायला हवी. त्या पायाच्या बाजूची कंबर वर जाते आणि सहसा त्याच बाजूचा खांदा खाली येतो. नवख्यांच्या चित्रांत या दोन रेघा समांतर राहतात आणि आकृती ताठरते. डोळे फार वर जाणं हीही नेहमीची अडचण. केसांखालची कवटी विसरली जाते, प्रत्यक्षात मोठ्या माणसाचे डोळे डोक्याच्या उंचीच्या जवळपास मध्यावर असतात. अर्थात मोठ्या डोळ्यांच्या, ठेंगण्या अंगाच्या शैलीदार पात्राला ही मोजपट्टी लावणं अन्यायाचं आहे. तिथे पात्र स्वतःच्याच प्रमाणाला धरून आहे का, एवढंच तपासा.

वस्तूंच्या बाबतीत टेबल-खिडकीच्या समांतर कडा पट्टीच्या साधनाने लांबवा आणि त्या एकाच बिंदूकडे जातात का ते पाहा. नजरेच्या खाली ठेवलेल्या पेल्याची तोंडाची लंबवर्तुळी कड चपटी आणि तळाची जास्त गोल असते. तळ सपाट रेघेने काढला की पेला टेबलावर बसतच नाही.

रेडलाइन फसते ती बहुतेक वेळा अतिउत्साहाने. बारा ठिकाणी लाल रेघा दिसल्या की माणूस चित्र बाजूला ठेवतो. दोन-तीन जागा निवडा, आणि त्याही मूळ कारणाच्या. कमरेचा कल बदलला की गुडघा आणि पाऊल बऱ्याचदा आपसूक जागेवर येतात. मग त्यांच्यावर वेगळ्या खुणा कशाला?

पेंटओव्हरची सुरुवात रंगाने करू नका. सगळ्यात वर काळ्या रंगाने भरलेला लेयर ठेवून त्याचा ब्लेंड मोड (खालच्या लेयरमध्ये मिसळण्याची पद्धत) 'कलर' करा. चित्र करड्या छटांत दिसेल. आता ते अंगठ्याएवढं लहान करून पाहा. चेहरा आणि पार्श्वभूमी एकाच करड्या रंगाची झाली असेल तर दुखणं उजळ-गडदपणाचं आहे, रंग बदलून ते जाणार नाही. रंगावर बोलण्याआधी स्वतःच्या स्क्रीनचा रात्रीचा फिल्टर बंद आहे ना, हेही बघा. नाहीतर "चित्र फार पिवळट झालंय" हा शेरा तुमच्या स्क्रीनला लागू असतो.

मग प्रत्येक सुचवणीला वेगळा लेयर द्या: एकावर प्रकाशाची दिशा, दुसऱ्यावर पडछाया, तिसऱ्यावर कडा. चित्रकाराला एकेक चालू-बंद करून फरक कळतो आणि नको ते सोडून देता येतं. रंग त्याच्याच चित्रातून आयड्रॉपरने, म्हणजे रंग उचलायच्या साधनाने, उचला. नेहमी दिसणारी चूक म्हणजे बाह्यरेषेपासून आत सगळीकडून सारखंच गडद करत जाणं. त्यात प्रकाश कुठून येतोय हेच ठरत नाही आणि गाल उशीसारखा फुगतो. एक बाण काढून प्रकाशाची दिशा दाखवा, मग उजेडाची आणि सावलीची बाजू अशी स्पष्ट विभागणी करा. सावलीतला परावर्तित उजेड उजेडाच्या बाजूपेक्षा गडदच राहायला हवा. तो उजळला की गोलाई मोडते. पायाखाली जमिनीला टेकणारी गडद सावली नसेल तर आकृती तरंगते. आणि पडछायेची कड वस्तूजवळ स्पष्ट, लांब जाताना मऊ होत जाते, ती सगळीकडे सारखी धारदार ठेवू नका.

अर्धा चेहरा किंवा एक हात रंगवून थांबा. मोठा गोल ब्रश आणि पंधरा-वीस मिनिटं पुरेशी आहेत. जास्त वेळ दिला की तुमची शैली त्यात उतरू लागते, आणि चित्रकाराला स्वतःचं चित्र फिकं वाटू लागतं. पेंटओव्हर सफाईदार नसावा, असं आमचं ठाम मत आहे.

कच्चं रेखाटन असेल तर रेडलाइन. रंग भरून झाले असतील तर आधी रचना तपासा, कारण चुकीच्या जागी बसलेल्या डोळ्यावर कितीही सुंदर प्रकाश टाकला तरी तो डोळा तिथेच राहतो. रचना ठीक असेल तरच पेंटओव्हरकडे वळा. पूर्ण करून सोडून दिलेल्या चित्रावर दोन्ही नको, पुढच्या चित्रासाठी शब्दांत सांगा. आणि कुठल्याही परिस्थितीत, "यावर काढून दाखवलं तर चालेल का?" हे आधी विचारा.

खुणांसोबतचे शब्दही तितकेच नेमके हवेत. "छान जमलंय" म्हटल्याने बरं वाटतं, पण काय जपायचं ते समजत नाही. "मानेपासून कमरेपर्यंतचं वळण एका दमात आलंय, दुरुस्ती करताना त्याला हात लावू नका" हे कौतुकही आहे आणि उपयोगी सूचनाही. अशा जागांना हिरवं वर्तुळ करा, आणि लाल रेघांच्या आधी करा. दोष सांगताना हेतू विचारून घ्या: "वजन उजव्या पायावर दाखवायचं होतं ना? मग उजवी कंबर थोडी वर न्यावी लागेल." हेतू वेगळाच निघाला तर तुमची रेघ पुसावी लागेल, ती मोकळ्या मनाने पुसा.

फाइल परत देताना मूळ लेयर अखंड, लॉक करून सगळ्यात खाली ठेवा आणि वरच्या लेयरना 'खांद्याचा कल', 'पडछाया' अशी नावं द्या. लेयरवाली फाइल उघडता येत नसेल तर एकाच मापाच्या दोन पीएनजी पाठवा, एक खुणांशिवाय आणि एक खुणांसह. त्या आलटूनपालटून पाहिल्या की फरक डोळ्यांना लगेच दिसतो.