खाजण, खार, पाणथळ: वसईच्या पश्चिम पट्ट्यातील वादाची पार्श्वभूमी

वसईच्या पश्चिम पट्ट्यात नव्या गृहसंकुलाचा फलक लागला की आसपासच्या गावांतली माणसे आधी एकच गोष्ट विचारतात: भराव कुठवर येणार? बाहेरच्याला हा प्रश्न किरकोळ वाटतो. पण गेल्या पस्तीस वर्षांतले मोर्चे, हरकती आणि याचिका या प्रश्नाभोवतीच फिरत आल्या आहेत.

जमिनीची ठेवण ध्यानात घेतल्याशिवाय तो कळत नाही. पूर्वेला तुंगारेश्वरचे डोंगर, दक्षिणेला वसईची खाडी, उत्तरेला वैतरणा, पश्चिमेला समुद्र. किनाऱ्यालगतचा पट्टा थोडा उंच आणि रेताड असल्याने तिथे विहिरी, केळी, पानवेली आणि फुलांच्या वाड्या. ह्या उंच पट्ट्याच्या आणि रेल्वेमार्गाच्या मधे सखल खाजण. डोंगरावरून उतरलेले पावसाचे पाणी रेल्वेच्या भरावाखालच्या मोऱ्यांतून खाजणात येते, भरती असेल तोवर तिथे थांबते आणि ओहोटी लागली की खाडीला मिळते. प्राचीन शूर्पारक बंदर आजच्या सोपाऱ्याला होते. तिथली खाडी गाळाने भरत गेली. जमीन आणि पाणी यांची इथली सीमा कधीच पक्की नव्हती, एवढे त्यावरून लक्षात यावे.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस मुंबईतल्या घरांच्या किमती सामान्य पगारदाराच्या आवाक्याबाहेर गेल्या आणि विरारपर्यंतच्या लोकल गाडीने वसई तालुका बांधकामासाठी जवळचा केला. शेतजमिनी निवासी वापरासाठी खुल्या करण्याच्या धोरणाविरुद्ध गावांनी तेव्हा एकजूट केली. कुपारी, वाडवळ, आगरी, कोळी असे वेगवेगळे समाज एका मोर्चात चालले, चर्च आणि देवळांच्या आवारात सभा झाल्या. १९९० मध्ये राज्य सरकारने या भागाच्या नियोजनाचे काम नवी शहरे उभारणाऱ्या एका सरकारी महामंडळाकडे सोपवले. त्याने केलेल्या विकास आराखड्याला मंजुरी मिळाली २००७ मध्ये. मधली सतरा वर्षे इमारती वाट पाहत थांबल्या नव्हत्या. नालासोपाऱ्याच्या पूर्वेला चाळींमागून चाळी उठल्या, आणि विहिरींचे पाणी टँकर भरभरून बांधकामांकडे जाऊ लागल्याने गावकरी रस्त्यावर उतरले. पाण्याचा तो झगडा लोक आजही विसरलेले नाहीत, कारण गोड्या पाण्याचा उपसा वाढला की खारे पाणी विहिरीत शिरते आणि वाडी जळते.

पुढे ३ जुलै २००९ रोजी चार नगरपालिका आणि भोवतालची गावे मिळून महानगरपालिका झाली. ग्रामपंचायत गेली म्हणजे बांधकामाला नकार देण्याची जागाच गेली, अशी गावांची भावना होती. उपोषण झाले, लाठीमार झाला. २०११ मध्ये सरकारने २९ गावे वगळण्याचा निर्णय घेतला, तो न्यायालयात अडकला, आणि २०२४ मध्ये ती गावे पालिकेतच ठेवण्याचे ठरले. मधल्या तेरा वर्षांत भराव चालूच होते. याच काळात २०१६ चा, मुंबई महानगर प्रदेशाच्या प्रादेशिक आराखड्याचा मसुदा आला. हरितपट्टा, म्हणजे बांधकामावर मर्यादा असलेला भाग, कमी होणार म्हणून वसईतून हजारो हरकती गेल्या. तो आराखडा २०२१ मध्ये मंजूर झाला.

हे सगळे बातम्यांत येऊन गेले आहे. ज्याच्यावर खरे तर सगळे अडते, त्या ‘पाणथळ’ या शब्दाकडे मात्र फार थोड्यांनी पाहिले.

गावात हा शब्द नाही. तिथे खाजण आहे, खार आहे, मिठागर आहे, वाडीसाठी खणलेले छोटे तळे म्हणजे बावखल आहे. भरतीचे पाणी शिरते ते खाजण. खाजणाला बांध घालून, पाणी बाहेर सोडायला उघाडी बसवून, पावसाच्या पाण्याने मीठ धुऊन भातासाठी कमावलेली जमीन ती खार. तिथे वर्षातले चार महिने भात, बाकी काळ कुठे मासळी, कुठे गुरांची चराई. या बांधांची देखभाल हे सरकारी काम आहे हे १९४८ च्या आणि नंतर १९७९ च्या खारजमीन कायद्याने मान्य केले. म्हणजे राज्याला ही जमीन चांगली ठाऊक होती, शेतजमीन म्हणून.

पाणथळ हा सरकारी शब्द बाहेरून आला. १९७१ मध्ये इराणमधल्या रामसर इथे आंतरराष्ट्रीय करार झाला, भारत त्यात १९८२ मध्ये सामील झाला. त्या कराराच्या वर्गीकरणात भातखाचरे आणि मिठागरे दोन्ही पाणथळ आहेत. देशाचे पहिले पाणथळ नियम २०१० मध्ये झाले आणि त्यांनी भातखाचरे वगळली. सप्टेंबर २०१७ च्या सुधारित नियमांनी भातखाचरांबरोबरच मीठ पिकवण्यासाठी, मत्स्यशेतीसाठी आणि सिंचनासाठी मुद्दाम केलेली बांधकामेही वगळली. शिवाय किनारा नियमन क्षेत्रात येणाऱ्या जागांना हे नियम लागू नाहीत, कारण तिथे दुसरा कायदा आहे.

आता त्या दुसऱ्या कायद्याकडे वळू. किनारा नियमनाची मोजणी भरतीरेषेपासून होते. २०१९ च्या अधिसूचनेनुसार १९ फेब्रुवारी १९९१ पूर्वी बांधलेला बांध किंवा उघाडी असेल तर भरतीरेषा तिथेच थांबते. आत कांदळवन उगवले असेल तेवढ्यालाच संरक्षण. आजोबा-पणजोबांनी घातलेल्या बांधामागची खार त्यामुळे भरतीच्या क्षेत्राबाहेर पडते. आणि तिथे भात लावला जातो म्हणून ती पाणथळही ठरत नाही. दोन कायदे एकमेकांकडे बोट दाखवतात आणि मधली जमीन उघडी राहते. उरते फक्त आराखड्यातल्या हरितपट्ट्याचे संरक्षण, आणि आराखडा तर दर वीस वर्षांनी बदलतो.

भातखाचरे वगळण्यामागे कारण नव्हते असे नाही. पाणथळ म्हणून नोंद झाली तर शेतकऱ्याला स्वतःच्या शेतात बांध घालायला, पीक बदलायला परवानगी मागावी लागेल, ही भीती खरी होती. पण त्यावर दुसरा मार्गही होता. केरळने २००८ मध्ये भातजमीन आणि पाणथळ जागा या दोहोंसाठी मिळून स्वतंत्र कायदा केला. पुढे त्याला सवलतींची भोके पडली, तरी भातशेतावर भराव टाकणे हा गुन्हा आहे एवढे त्या कायद्याने स्पष्ट सांगितले. महाराष्ट्राने तसा कायदा केला नाही. माझ्या मते या सगळ्या इतिहासातली सर्वांत महागडी चूक ही आहे.

न्यायालयांनी वेळोवेळी आधार दिला. कांदळवने तोडण्यावर मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये बंदी घातली आणि २०१८ च्या निकालात ती कायम केली. पाणथळ जागांवरच्या भरावालाही त्याच न्यायालयाने २०१३ मध्ये मनाई केली. त्यानंतर गावकऱ्यांच्या तक्रारींची भाषा बदलली. ‘आमची शेती वाचवा’ म्हणणारे अर्ज ‘सर्व्हे नंबर अमुक हा पाणथळ आहे’ असे म्हणू लागले. तलाठी पंचनाम्याला आला की सातबारा उघडतो; त्यावर भात किंवा पोटखराबा (लागवडीला अयोग्य जमीन) लिहिलेले असते, पाणथळ हा शब्द कुठेच नसतो. गुडघाभर पाण्यात उभे राहून ही जागा पाणथळ नाही असे लिहून घ्यावे लागणे, याची चीड ज्याने ते पाणी पाहिले आहे त्यालाच कळेल.

जुलै २०१८ मध्ये मुसळधार पावसाने वसई-विरार बुडाले. नालासोपाऱ्याजवळ रूळ पाण्याखाली गेले, गाड्या अडकल्या, मिठागरांतले कामगार पाण्याने वेढले गेले. त्यानंतर नेमलेल्या तज्ज्ञांनी पावसाचे पाणी साठवायला धारण तलाव करावेत असे सुचवले. खाजण नेमके तेच काम करत होते. अर्थात बुडालेल्यांत खाजणावरच्या संकुलात कर्ज काढून घर घेतलेली कुटुंबेही होती, आणि जमिनी विकणाऱ्यांत गावातलेच लोक होते. गावकरी विरुद्ध बाहेरचे अशी मांडणी केली की या दोन्ही गोष्टी झाकल्या जातात. वाडी पिकवून मुलांचे शिक्षण होत नसेल आणि शेजारच्या भरावामुळे आपले शेत सतत पाण्याखाली राहत असेल तर माणूस किती वर्षे नाही म्हणेल? एकाने भराव टाकला की पाणी शेजाऱ्याच्या शेतात जाते. पुढच्या विक्रीला ते पाणीच भाग पाडते.

उपग्रह चित्रांवरून केलेल्या राष्ट्रीय नकाशासंग्रहात सव्वादोन हेक्टरांहून मोठ्या २,०१,५०३ पाणथळ जागा होत्या आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये त्यांना संरक्षण दिले. नव्या मोजणीत ही संख्या २,३१,१९५ झाली, आणि डिसेंबर २०२४ मध्ये न्यायालयाने प्रत्येक जागा प्रत्यक्ष जाऊन तपासायला सांगितले. वसईचे बावखल मात्र बहुधा काही गुंठ्यांचेच असते. वाडीला पाणी द्यायला पूर्वजांनी खणलेले, पावसाने भरणारे, भोवतालच्या विहिरी गोड ठेवणारे. ते सव्वादोन हेक्टरांत बसत नाही, आणि सिंचनासाठी माणसाने केलेले म्हणून नियमांच्या व्याख्येतही बसत नाही. पश्चिम पट्ट्यातली अनेक बावखले आजवर बुजली आहेत. एक बुजवायला डंपरच्या थोड्याच खेपा लागतात.