सीईटीचं गणित: प्रश्न ओळखा, आणि अर्जही नीट भरा

आधी अर्ज. सीईटी म्हणजे महाराष्ट्राची सामाईक प्रवेश परीक्षा. सीईटी कक्षाच्या संकेतस्थळावर नोंदणी, फोटो, सही, शुल्क; यात कुणी फारसं अडत नाही. अडतात ते ग्रुप निवडताना. अभियांत्रिकीला पीसीएमचाच (भौतिक, रसायन, गणित) निकाल लागतो. फक्त पीसीबी (गणिताऐवजी जीवशास्त्र) भरलेल्यांना गणिताचा पेपरच नसतो.

कॅपच्या (केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या) वेळी सर्वांत जास्त रडवतं ते नॉन-क्रीमीलेअर, म्हणजे आरक्षणासाठी लागणारं उत्पन्नाच्या मर्यादेचं प्रमाणपत्र. २०२५-२६ च्या प्रवेशाला ते ३१ मार्च २०२६ पर्यंत वैध असावं लागायचं. मुलं आणतात आदल्या मार्चला संपलेलं. मग खुल्या प्रवर्गात रवानगी. मुंबईत आणखी एक घोळ: शहर आणि उपनगर हे दोन वेगळे जिल्हे आहेत. कुर्ला उपनगरात येतं; तिथल्या मुलाने प्रमाणपत्राच्या पोर्टलवर ‘मुंबई शहर’ निवडलं की अर्ज अडकलाच. निकालानंतर धावाधाव करू नका, प्रमाणपत्राचा अर्ज आत्ताच टाका.

आता पेपर. पहिली ९० मिनिटं भौतिक-रसायनाची, ती संपली की गणिताची ९० मिनिटं वेगळी. तिथला उरलेला वेळ इथे मिळत नाही. ५० प्रश्न, प्रत्येकी २ गुण, चुकीला वजाबाकी नाही, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडणं म्हणजे गुण फेकणं. अकरावीवर १० प्रश्न, बारावीवर ४०. मराठी माध्यमवाल्यांनी लक्षात ठेवा, गणिताचा पेपर फक्त इंग्रजीत येतो.

प्रश्नामागे सरासरी १०८ सेकंद, पण सगळे प्रश्न सारखे नसतात. तर्कशास्त्राचे वीस सेकंदांत होतात, तरी तिथेच गुण जातात. ‘पाऊस पडला तर लोकल उशिरा येते’ याचा नकार काय? बहुतेक जण ‘पाऊस पडला नाही तर लोकल वेळेवर येते’ यावर टिचकी मारतात. बरोबर उत्तर: ‘पाऊस पडला आणि लोकल उशिरा आली नाही’. नकारात ‘तर’ उरत नाही.

निश्चित संकलनात (डेफिनिट इंटिग्रल) शून्य ते पाय भागिले दोन अशा सीमा असतील, अंशात साइनचं वर्गमूळ आणि छेदात साइन-कॉसच्या वर्गमुळांची बेरीज असेल, तर सोडवत बसू नका. चलाच्या जागी सीमेतून वजा केलेला चल ठेवा, दोन्ही संकलनं मिळवा. उत्तर सीमेच्या निम्मं, म्हणजे पाय भागिले चार.

विकल समीकरणात (डिफरन्शियल इक्वेशन) उलटं जा, पर्यायांचंच विकलन करून ताडा. रेषीय प्रायोजनात (लिनिअर प्रोग्रामिंग) मात्र शॉर्टकट शोधू नका. आलेख कच्च्या कागदावर काढून कोपरे तपासा, कारण पर्यायांत दिलेला एखादा बिंदू व्यवहार्य क्षेत्राबाहेरचा, म्हणजे सगळ्या अटी न पाळणारा असतो, आणि घाईत तोच खुणावतो.