एकच गेम, दोन किमती

ठाण्यात गोखले रोडवर खरेदीला निघालेल्या आईवडिलांना मुले हमखास ऐकवतात, की कन्सोलपेक्षा, म्हणजे गेम खेळण्यासाठीच्या खास यंत्रापेक्षा, हाच गेम पीसीवर स्वस्त मिळतो. त्यांचे म्हणणे बहुतेक वेळा खरे असते. कारण मात्र अर्धेच सांगितले जाते.

गेमची आणखी एक प्रत काढायला जवळजवळ काहीच खर्च येत नाही. त्यामुळे तो कुठे आणि कोणामार्फत विकला जातो, यावर त्याची किंमत बरीचशी ठरते. कन्सोल बनवणाऱ्या कंपन्या यंत्र अनेकदा तोट्यात विकतात. २००६ साली आयसप्लाय या संस्थेने सोनीचा प्लेस्टेशन ३ हा कन्सोल उघडून त्यातील एकेका भागाची किंमत मांडली, तेव्हा अमेरिकेत ४९९ डॉलरला मिळणाऱ्या यंत्राचा खर्च ८०५ डॉलरच्या घरात जातो, असा तिचा अंदाज निघाला. ही तूट पुढे प्रत्येक गेमच्या विक्रीतून, साधारण ३० टक्के हिस्सा घेऊन भरून काढली जाते.

तरीही केवळ या हिश्शामुळे कन्सोलचा गेम महाग होतो, असे म्हणता येत नाही, कारण पीसीवरील सर्वांत मोठे दुकान असलेले स्टीमसुद्धा सुरुवातीला ३० टक्केच घेते. नवा मोठा गेम दोन्हीकडे बहुधा सारख्याच किमतीला येतो. खरी तफावत पडते ती नंतर, सवलतींच्या काळात. पीसीचा मालक कोणी एक नाही. तिथे स्टीमसमोर २०१८ साली एपिक या कंपनीने फक्त १२ टक्के हिस्सा घेणारे दुकान उघडले आणि इतर विक्रेतेही त्याच गेमचे कोड, म्हणजे तो खात्यात उतरवून घेण्याचे क्रमांक, आपापल्या भावाने विकतात. याउलट सोनीने एप्रिल २०१९ पासून संपूर्ण गेमचे डिजिटल कोड बाहेरच्या दुकानांतून विकणे बंद केले, म्हणजे डिजिटल प्रतीसाठी एकच गल्ला उरला.

कन्सोलच्या बाजूने एक मुद्दा आहे, आणि मला तो फार मोलाचा वाटतो. खेळून झालेली डिस्क दुसऱ्याला विकता येते, मित्राशी बदलता येते. स्टीमवरचा गेम खात्यालाच बांधलेला राहतो. प्लेस्टेशन ५ भारतात आला तेव्हा डिस्कचे मॉडेल ४९,९९० रुपयांना आणि बिनडिस्कचे ३९,९९० रुपयांना होते. वाचलेल्या त्या दहा हजारांसमोर, पुढच्या काही वर्षांत आपण किती डिस्क विकल्या असत्या, हा हिशेब ग्राहकाने यंत्र घेण्यापूर्वीच मांडायला हवा.