घर नीट सांभाळणाऱ्या बाईला एडीएचडी नसतो?

एडीएचडी म्हणजे लक्ष टिकवणं आणि चंचलपणा आवरणं सतत अवघड जाणं. ‘एडीएचडी वांड मुलांना होतो, घर-नोकरी सांभाळणाऱ्या बाईला नाही,’ असं वर्षानुवर्षं फॉरवर्ड होतं. मुलांची धावपळ दिसते, म्हणून ते पटतंही. बायकांमध्ये मात्र बरेचदा लक्ष टिकत नाही, आणि ते झाकलं जातं: दूध तापवायलाही मोबाइलवर गजर, मीटिंगमधलं अर्धं निसटलं तरी मान डोलावणं. हे रोज निभावताना जीव मेटाकुटीला येतो. वर ‘मीच आळशी’ ही लाज. कित्येकींवर आधी फक्त चिंतेचे किंवा नैराश्याचे उपचार होतात.

म्हणून काम झालं का, एवढंच नको. त्यासाठी किती ओढाताण झाली, तेही बघा. निदानासाठी काही लक्षणं वयाच्या १२ वर्षांआधीपासून असावी लागतात, तीही घर, शाळा, काम अशा किमान दोन ठिकाणी. जुनी प्रगतिपुस्तकं आणि आईच्या आठवणी घेऊन मानसोपचारतज्ज्ञांना भेटा.