ॲम्प तापतो तेव्हा

गेल्या उन्हाळ्यात माझ्या भाच्याने गाडीत ॲम्प्लिफायर, म्हणजे स्पीकरचा आवाज वाढवणारा ॲम्प, बसवून घेतला. पुढच्या सीटखाली, वरून मॅट घातलेली. बाहेरून काहीच दिसत नव्हतं. निगडीहून हडपसरला निघाला की खडकीपर्यंत गाणी छान वाजायची आणि मग आवाज एकदम बंद. दहा मिनिटं थांबलं की पुन्हा सुरू. त्याने वायर बदलली, फ्यूज बदलला. बिघाड मुळात नव्हताच. जास्त तापलं की ॲम्प बंद करणारं आतलं सर्किट आपलं काम चोख करत होतं. चुकली होती ती जागा.

ॲम्प बॅटरीतून वीज घेतो, त्यातली काही स्पीकरला देतो आणि उरलेल्या विजेची उष्णता होते. किती, ते त्याच्या प्रकारावर ठरतं. 'क्लास एबी' ॲम्पमधला ट्रान्झिस्टर नळासारखा समजा. नळ बंद असला तर पाणी वाहत नाही, पूर्ण उघडा असला तर अडत नाही. अर्धवट उघडा असला की पाणी वाहतंही आणि अडतंही. ऊर्जा वाया जाते ती तिथे. म्हणूनच हा ॲम्प पूर्ण आवाजापेक्षा मधल्या आवाजात जास्त तापतो! पहिल्यांदा ऐकताना हे मलाही पटलं नव्हतं. पण गणित स्पष्ट आहे. कमाल शक्तीच्या साधारण ४० टक्क्यांवर उष्णता सर्वाधिक असते. २०० वॅटचा ॲम्प स्पीकरला सलग ८० वॅट देत असेल, तर तेवढीच, म्हणजे ८० वॅट उष्णता त्याच्या पोटात तयार होते. पूर्ण २०० वॅट देताना ती ५५ वॅटच्या आसपास येते. हे आदर्श सर्किटचे आकडे. प्रत्यक्षात उष्णता थोडी जास्तच निघते.

'क्लास डी' ॲम्पमध्ये नळ अर्धवट राहतच नाही. सेकंदाला लाखो वेळा तो पूर्ण उघडतो आणि पूर्ण बंद होतो. त्यामुळे ८० ते ९० टक्के वीज स्पीकरपर्यंत पोहोचते. जागा अडचणीची असेल तर मी डोळे मिटून हाच प्रकार घ्यायला सांगेन.

तयार झालेली उष्णता शेवटी हवेलाच द्यायची असते. ॲम्पच्या अंगावरच्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्या त्यासाठीच असतात. गरम हवा हलकी होऊन वर जाते आणि तिच्या जागी खालून थंड हवा येते. ॲम्प उभा असेल आणि पट्ट्याही उभ्या असतील, तर हा प्रवाह विनासायास चालू राहतो. आडवा ठेवला तर पट्ट्या वर हव्यात. मागच्या काचेखालच्या ट्रेला खालून उलटा टांगणं सगळ्यात वाईट, कारण गरम हवा तिथेच कोंडते. भोवती चार-पाच सेंटिमीटर मोकळी जागा हवी आणि मॅट तर नकोच. पुण्यात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा उन्हात बंद उभ्या गाडीची आतली हवाच ॲम्प सुरू होण्याआधी भाजत असते.

सीटखालची जागा सोयीची खरी, पण पावसाळ्यात ओले बूट तिथेच निथळतात आणि एसीची पाण्याची नळी तुंबली की पाणीही पुढच्या मॅटखाली साचतं. तिथेच बसवायचा असेल तर ॲम्प फळीवर थोडा उचलून घ्या आणि सीट पुढे-मागे सरकवून वायर चिमटत नाही ना, ते बघा. वूफरच्या बॉक्सवर मात्र बसवू नका. सततच्या हादऱ्यांनी आतले सोल्डरचे सांधे कमकुवत होतात.

भोक पाडण्याआधी गाडीखाली वाकून बघा. बऱ्याच गाड्यांत पेट्रोलची टाकी मागच्या सीटखाली असते, ब्रेकची नळीही तिथूनच जाते. डिकीत सीएनजीची टाकी असेल तर तिच्या आणि तिच्या पाइपच्या जवळपास ड्रिल नको आणि ॲम्पची वायरही नको.

जागा ठरली की वायरची लांबी ठरते. बॅटरीपासून डिकीपर्यंत पाच मीटर वायर धरा. ८ गेजच्या वायरमधून ५० अँपिअर गेले तर अर्धा व्होल्ट वाटेतच जातो. ४ गेजची, म्हणजे जास्त जाड वायर घेतली तर ०.२ व्होल्ट. फ्यूज बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत हवाच. वायर पत्र्याला घासून शॉर्ट झाली तर फ्यूज आणि बॅटरी यांच्यामधल्या तुकड्याला कुणाचंच संरक्षण नसतं. अर्थिंगची वायर आखूड ठेवा आणि रंग खरवडून उघड्या पत्र्यावर घट्ट आवळा. आरसीए वायर, म्हणजे म्युझिक सिस्टिममधून ॲम्पपर्यंत गाण्याचा सिग्नल आणणारी, बॅटरीच्या वायरपासून दूर, गाडीच्या दुसऱ्या बाजूने न्या, नाहीतर इंजिनचा वेग वाढेल तशी स्पीकरमधून शिट्टी वाढत जाऊ शकते.

भाच्याचा ॲम्प आम्ही डिकीत हलवला. मागच्या सीटच्या पाठीला प्लायची फळी, तिच्यावर ॲम्प, पट्ट्या उभ्या. सीट दुमडता यावी म्हणून वायर थोडी सैल सोडली. हडपसरला पोहोचल्यावर त्याच्यावर तळहात ठेवून मी आकडे मोजले. दहापर्यंत हात सहज टिकला.